जोडीदाराची गरज वाटणं हा आजार नाही, आणि सहन करणं हा इलाज नाही

लग्न, घटस्फोट, कपल थेरपी असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात आणि दोघं आपापलंच दामटत राहतात. एक बाजू म्हणते ही समुपदेशनाची फॅडं आत्ताची, भांड्याला भांडं लागणारच, आमच्या आज्यांनी कुठे थेरपी घेतली होती, पदरी पडलं पवित्र झालं म्हणून संसार केले आणि ते टिकले ना. दुसरी बाजू वयाने लहान आहे, रील्सवर जास्त दिसते, ती म्हणते सुखासाठी कुणावरही अवलंबून राहू नका, आधी स्वतःवर प्रेम करा, नवऱ्याने मेसेज बघून उत्तर दिलं नाही म्हणून तुमचा जीव खालीवर होत असेल तर प्रॉब्लेम तुमच्यात आहे, स्वतःवर काम करा. दोन्ही बाजूंच्या मागे खरी दुखणी आहेत, ती मला मान्य आहेत. पण मला ठामपणे वाटतं की दोघंही एकच चूक करतायत. मोठ्या माणसाला दुसऱ्या माणसाच्या आधाराची गरज लागणं ही कमजोरी आहे असं दोघांनीही आधीच धरून टाकलंय, एक म्हणतो ती गिळून टाक, दुसरा म्हणतो ती उपटून टाक. ती गरज कमजोरी नाहीच, ती माणसाच्या शरीरात मुरलेली आहे आणि जोडप्याला मदत करायची तर त्या गरजेवरच काम करावं लागतं, हे दाखवण्यात सू जॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीसएक वर्षं घातली. एप्रिल २०२४ मध्ये त्या कॅनडात वारल्या, ७६ वर्षांच्या होत्या. आपल्या या वादात त्यांच्या कामाचा कुणी उल्लेखही करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

जॉन्सनबाई मूळच्या इंग्लंडच्या, जन्म १९४७ चा. आई-वडिलांचा पब होता, त्यामुळे माणसं हसताना, भांडताना, रडताना बघतच त्या वाढल्या, आणि आई-वडिलांचं लग्न मोडताना पण त्यांनी जवळून पाहिलं. शिकल्या इंग्रजी साहित्य, मग कॅनडाला गेल्या, तिथे आधी भावनिक त्रास असलेल्या मुलांबरोबर काम केलं आणि नंतर व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातून १९८४ ला डॉक्टरेट घेतली. त्या काळात जोडप्यांबरोबर काम करायची प्रतिष्ठित पद्धत कोणती होती? वर्तनवादी. म्हणजे नवरा-बायकोला वाटाघाटी शिकवायच्या, तू आठवड्यातून दोनदा स्वयंपाक कर मी मुलांचा अभ्यास घेईन, असे करार लिहून घ्यायचे, बोलायचं कसं ऐकायचं कसं याचे धडे द्यायचे. दुसरीकडे मरे बोवेनसारखे फॅमिली थेरपिस्ट सांगत होते की प्रौढपणा म्हणजे आपण आपल्या माणसांच्या भावनिक गुंत्यात ओढले न जाता वेगळं उभं राहता येणं. आता बघा, हे दोन विचार आणि आपल्याकडच्या दोन बाजू यांच्यात किती साम्य आहे. एकात संसार म्हणजे देवाणघेवाण, दुसऱ्यात संसार म्हणजे दोन स्वयंपूर्ण माणसांनी शेजारीशेजारी राहणं. समोर बसलेली बाई ‘तुला माझं काही पडलेलंच नाही’ म्हणून रडतेय त्याचं काय करायचं याचं समाधानकारक उत्तर यातल्या कुणाकडेच नव्हतं.

जॉन्सनबाईंनी आणि त्यांचे गाइड लेस्ली ग्रीनबर्ग यांनी काय केलं तर जोडप्यांच्या सेशन्सच्या टेप पुन्हापुन्हा पाहिल्या आणि नेमकं कुठल्या क्षणी काहीतरी बदलतं ते शोधलं. ते क्षण वाटाघाटीचे नव्हतेच. माणूस रागाच्या खाली असलेली भीती किंवा एकटेपणा बोलून दाखवायचा आणि समोरचा त्याला प्रतिसाद द्यायचा, तिथे गाडी वळायची. यातून इमोशनली फोकस्ड थेरपी म्हणजे ईएफटी उभी राहिली आणि १९८५ ला पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. ४५ जोडपी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटलेली, एकाला ही थेरपी, एकाला समस्या सोडवण्याचं प्रशिक्षण, एक गट वेटिंगवर. फक्त आठ सेशन्स झाली आणि भावनांवर काम केलेला गट पुढे गेला. पण हे का चालतंय, याचं उत्तर तेव्हा त्यांच्याकडे नीट नव्हतं. ते सापडलं जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाकडे. लहान मुलांविषयी बोल्बी जे सांगत होते तेच या मोठ्या माणसांत घडतंय हे जॉन्सनबाईंच्या लक्षात आलं, आणि १९८६ च्या लेखात त्यांनी सरळ प्रश्न टाकला, की लग्न म्हणजे बंध आहे की सौदा? पुढे ग्रीनबर्ग वेगळ्या दिशेने गेले, जॉन्सनबाई मात्र हा एकच प्रश्न धरून राहिल्या.

बोल्बींची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायलाच हवी, कारण आपला आजचा वाद एकदा लहान मुलांच्या बाबतीत होऊन गेलाय आणि त्याचा निकालही लागलाय. १९२८ साली अमेरिकेत जॉन वॉटसन हा त्या काळातला फार मोठा मानसशास्त्रज्ञ आई-बापांना लिहून सांगत होता की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, फारच वाटलं तर रात्री झोपताना कपाळाचा एक पापा, आणि सकाळी हात मिळवा. का, तर लाडाने मूल परावलंबी होतं. हे कुणा विक्षिप्ताचं मत नव्हतं, ते त्या वेळचं शास्त्र होतं. ब्रिटनमधल्या इस्पितळांत तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं अॅडमिट मुलांना आई-बापांनी भेटण्यावर कडक बंधनं असायची, अनेक ठिकाणी आठवड्यातून मोजके तास. नर्सेसचं म्हणणं काय, आई येऊन गेली की मूल रडतं, नाही आली की दोन-चार दिवसांत शांत होतं, म्हणजे रुळतं. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी वॉर्डात बसून ही मुलं नीट पाहिली आणि सांगितलं की मूल रुळलेलं नाहीये. आधी ते आक्रोश करतं, मग हताश होतं, आणि मग तुटतं, आई आली तरी तिच्याकडे बघत नाही. त्यांनी १९५२ ला एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली तेव्हा डॉक्टर मंडळी भडकली होती. पण १९५९ च्या ब्रिटनमधल्या सरकारी प्लॅट अहवालाने आई-बापांना कधीही भेटू द्या अशी शिफारस केली, आणि आज आजारी मुलाजवळ आई नको असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

आता मला सांगा, तीस वर्षं ‘टिकलेल्या’ ज्या संसाराचा आपण दाखला देतो, ज्यात दोघं कधी भांडत नाहीत, तो जेवून टीव्हीसमोर, ती देवळात नाहीतर नातवंडांत, ते शांत झालेलं मूल आणि हा शांत झालेला संसार यात फरक काय? सगळे संसार असे असतात असं मी म्हणत नाहीये. खूप जोडपी न बोलता एकमेकांना धरून असतात, आजारपणात रात्ररात्र जागतात, त्यांना कुठल्या थेरपीची गरज नाही. पण आवाज थांबला म्हणजे दुखणं थांबलं असं समजणं ही त्या वॉर्डातल्या नर्सेसचीच चूक आहे, आणि ‘अवलंबून राहू नका’ म्हणणारी बाजू तर तेच तुटलेपण प्रगती म्हणून विकतेय. बोल्बी स्वतः म्हणायचे की ही ओढ पाळण्यापासून सरणापर्यंत असते, पण मोठ्यांच्या प्रेमाचा या नजरेने अभ्यास सुरू व्हायला १९८७ उजाडलं, अमेरिकेत हेझन आणि शेव्हर यांनी तो केला. म्हणजे जॉन्सनबाई आपल्या ऑफिसात जे बघत होत्या त्याला दुसरीकडूनही दुजोरा मिळत होता.

प्रत्यक्ष खोलीत काय चालतं हे माहीत नसल्यामुळेच बराच वाद हवेत होतो असं मला वाटतं. लोकांना वाटतं की थेरपिस्ट निवाडा देणार, कोण चुकलं ते सांगणार. ईएफटीत आधी भांडणाचं चक्र पकडतात. बहुतेक घरांत ते ओळखीचं आहे, एक मागे लागतो आणि दुसरा मागे सरतो. ती विचारते इतका उशीर का झाला, तो म्हणतो झाला, ती म्हणते नेहमीचंच आहे, तो गप्प, ती आवाज चढवते, तो उठून बाहेर जातो आणि मग चार दिवस अबोला. बाहेरून बघणाऱ्याला ती भांडकुदळ दिसते आणि तो दगड. जॉन्सनबाईंचं म्हणणं की तिचा आरडाओरडा हा तुटलेपणाचा निषेध आहे, मी हाक मारली तर तू आहेस का हेच ती विचारतेय, फक्त ते तोंडातून टोमणा होऊन येतंय. आणि त्याचं गप्प बसणं हे बेफिकिरी नाही, त्याला प्रत्येक वाक्यात आपण नापास झालोय एवढंच ऐकू येतं, तो अजून चिघळू नये म्हणून आक्रसतो, आणि त्याचं ते आक्रसणं तिला परत घाबरवतं. दोघांचा शत्रू एकच, हे चक्र, एवढं जरी पटलं तरी पहिला टप्पा पार पडतो. खरं अवघड काम दुसऱ्या टप्प्यात असतं, तिथे गप्प बसणाऱ्याला आधी बाहेर येऊन बोलतं व्हायचं असतं आणि मग मागे लागणाऱ्याला टोमणा सोडून गरज सांगायची असते, जे रागावण्यापेक्षा किती तरी जास्त हिमतीचं काम आहे. साधारण आठ ते वीस सेशन्स लागतात, कुणाला जास्तही. काही वेळा मध्येच एखादी जुनी जखम आडवी येते, गर्भपात झाला तेव्हा तू ऑफिसला निघून गेलास, अशी. बाहेरच्याला वाटतं दहा वर्षांपूर्वीचं किती उगाळायचं, पण सर्वात जास्त गरज होती तेव्हा हात सुटला हे शरीर विसरत नाही. २००१ च्या सुमारास जॉन्सनबाई आणि सहकाऱ्यांनी अशा जखमांसाठी वेगळी पद्धत बांधली. आणि जी बाजू म्हणते जुनं विसरा पुढे चला, तिने सांगावं, विसरा म्हटल्याने कोण विसरलंय?

आता विरोधातले मुद्दे, कारण ते कच्चे नाहीत. पहिला पुराव्याचा. या थेरपीबद्दल सगळीकडे एक आकडा फिरतो की ७० ते ७३ टक्के जोडपी तणावातून बाहेर येतात. हा आकडा १९९९ च्या एका आढाव्यातून आलाय, तो आढावा स्वतः जॉन्सनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि त्याच्या तळाशी मोजक्या छोट्या चाचण्या आहेत. ज्याने पद्धत शोधली त्यानेच ती तपासली की निकाल थोडे गोड येतात हे संशोधनात सगळ्यांना माहितीये. शिवाय अमेरिकेत ख्रिस्टेन्सन आणि जेकबसन यांनी १३४ फार त्रासलेल्या जोडप्यांवर वर्तनवादी धाटणीच्या दोन पद्धती तपासल्या, पाच वर्षांनी साधारण निम्मी जोडपी लक्षणीय सुधारलेली होती आणि साधारण चौथा हिस्सा वेगळा झालेला होता. म्हणजे दुसऱ्या पद्धती निकामी नाहीत आणि कुठलीही पद्धत जादू नाही, हे मी सरळ मान्य करतो. पण त्या १३४ जोडप्यांतली एक पद्धत कोणती होती ते पाहा. जेकबसन हे जुन्या करारवाल्या पद्धतीचे बिनीचे शिलेदार, त्यांनीच नंतर ती सुधारताना त्यात भावनिक स्वीकार आणला, कठोर आरोपाच्या खालचं मऊ दुखणं बोलायला लावणं आणलं. सौद्याच्या बाजूने निघालेला माणूसही शेवटी बंधाच्या जवळ आला, याला मी पुराव्याचाच भाग मानतो. आणि २०१३ मध्ये जॉन्सनबाईंनी मेंदूचा अभ्यास करणाऱ्या जेम्स कोन यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहेच, बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून हलका शॉक बसण्याची धास्ती दाखवायची, एकदा एकटीला, एकदा अनोळखी माणसाचा हात धरून, एकदा नवऱ्याचा. थेरपीच्या आधी नवऱ्याच्या हाताचा फारसा उपयोग होत नव्हता, थेरपीनंतर मेंदूचा धोक्याला मिळणारा प्रतिसाद बराच शांत झाला. प्रयोग छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण जी मंडळी म्हणतात हे सगळं मनाचे खेळ, त्यांना हा हात धरण्याचा फरक समजावून सांगावा लागेल.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी बाजूने येतो आणि तो मला जास्त टोचतो. बोल्बींचा जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा १९५१ चा अहवाल हा घरापासून, आईपासून तुटलेल्या मुलांविषयी होता, पण युद्धानंतर बायकांनी घरी बसावं असं वातावरण होतंच, आणि त्या अहवालाचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या आईला पिढ्यानपिढ्या अपराधी वाटायला लावलं गेलं. मग हीच अटॅचमेंटची, म्हणजे आपल्या माणसाशी असलेल्या ओढीची आणि बंधाची, भाषा उद्या बायकोला ‘तुझी गरज नैसर्गिक आहे, राहा इथेच’ असं सांगायला वापरली जाणार नाही कशावरून? वापरली जाऊ शकते, जातेही. मारहाण असलेल्या घरात ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ हे वाक्य किती बायकांना ऐकवलं गेलंय. म्हणूनच हे माहीत असायला हवं की चालू हिंसा आणि जरब असेल तिथे ही थेरपी करू नये हा नियम ईएफटीच्या शिकवणुकीतच आहे. जिच्या अंगावर हात पडतो तिने आपली भीती त्याच माणसासमोर उघडी करावी असं सांगणं हा गुन्हा आहे, तिथे आधी सुरक्षितता, पोलीस, कायदा. आणि एक गोष्ट या आक्षेपात सुटते, ती म्हणजे अटॅचमेंटचा मापदंड पुरुषालाही लागतो. तू मिळवतोस, मारत नाहीस, पीत नाहीस, म्हणून तू चांगला नवरा, हे आपलं जुनं गणित इथे चालत नाही. तिने हाक मारली तेव्हा तू होतास का, हा प्रश्न त्याला पण विचारला जातो. तडजोडीच्या संस्कृतीने हा प्रश्न पुरुषाला फार कमी वेळा विचारलाय.

तिसरं म्हणजे हे पाश्चात्त्य आहे, त्यांच्याकडे दोघांचंच घर, आपल्याकडे सासू-सासरे, दीर-जावा, गावाकडची भावकी. यात तथ्य आहे, आपल्याकडे नवरा-बायकोचं भांडण कधीच फक्त दोघांचं नसतं. पण बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी मुलांची ओढ पहिल्यांदा बारकाईने पाहिली ती लंडन-न्यूयॉर्कला नाही तर १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या गावांमध्ये. त्यांचं अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं प्रसिद्ध काम त्याच्या नंतरचं. एकापेक्षा जास्त माणसांशी घट्ट बंध असणं या सिद्धांतात बसतं. आणि उलट मी विचारतो, नवीन सून वीस माणसांच्या घरात येते आणि त्यातलं एकही माणूस तिचं नसतं, तेव्हा नवऱ्याने तिच्या बाजूला उभं राहणं ही पाश्चात्त्य गरज आहे का? ‘तू काही बोललाच नाहीस’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या वेळा म्हटलं गेलं असेल तितकं दुसरं कुठलं नसेल, आणि त्यात नुसता अटॅचमेंटचाच प्रश्न आहे, दुसरं काही नाही.

पुढे हेच काम कुटुंबापर्यंत गेलं याबद्दल तर फारच कमी बोललं जातं. १९९६ मध्ये दीर्घ आजारी मुलांच्या आई-वडिलांवर कॅनडात या पद्धतीची चाचणी झाली. अशा घरात काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, एक जण मुलात पूर्ण बुडतो, दुसरा कामात, आणि दोघांना वाटतं आपण एकटेच ओढतोय. त्या जोडप्यांचं नातं थेरपीने सुधारलं आणि दोन वर्षांनी पाहिलं तेव्हाही सुधारणा टिकून होती. १९९८ मध्ये बुलिमिया (भसाभसा खायचं आणि मग ते मुद्दाम उलटून टाकायचं, असा आजार) असलेल्या तरुण मुलींच्या कुटुंबांबरोबर छोटा अभ्यास झाला. दार आपटून खोलीत जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्यावर ओरडणारा बाप, हे तेच चक्र आहे, फक्त इथे जबाबदारी समान नाही, पुढे हात मोठ्याने करायचा असतो. एकाच आकृतीतून नवरा-बायको, आई-लेक, बाप-मुलगा एवढं सगळं उलगडतं, ही मला जॉन्सनबाईंच्या कामाची सर्वात मोठी ताकद वाटते. १९९८ मध्येच त्यांनी ओटावाला थेरपिस्टना शिकवणारी संस्था काढली, २००८ ला सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं, २०१६ ला ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला. पण सन्मानापेक्षा ही शिकवण्याची बाजू महत्त्वाची आहे, कारण पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेली, टेपवर तपासता येणारी आणि दुसऱ्याला शिकवता येणारी आहे, कुणा एकाच्या हातगुणावर नाही.

आणि इथेच आपल्याकडचा खरा सार्वजनिक प्रश्न येतो. ज्या १९८४ मध्ये जॉन्सनबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी भारतात फॅमिली कोर्ट्स अॅक्ट आला. न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा हे त्यात लिहिलंय, समुपदेशकांची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेतही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायची अट आहे, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती योग्य केसमध्ये शिथिल करता येते असं सांगितलं. यावर आपण काय वाद घालतो? सहा महिने हवेत की नकोत. एक म्हणतो संस्कृती बुडेल, दुसरा म्हणतो स्वातंत्र्यात आडकाठी. त्या सहा महिन्यांत त्या दोघांबरोबर नेमकं काय होतं हे कुणी विचारतच नाही. नुसती वाट बघायला लावायची असेल तर अट काढून टाका, माणसांना उगाच लटकवण्यात अर्थ नाही. ठेवायची असेल तर तिथल्या समुपदेशकांना अटींची यादी जुळवण्यापलीकडचं प्रशिक्षण द्या, एकेका जोडप्याला पाच-दहा तास मिळतील एवढ्या जागा भरा, हिंसेची चौकशी दोघांना वेगवेगळं बसवून पहिल्याच दिवशी करा, आणि यश मोजताना किती लग्नं वाचली एवढंच मोजू नका. कारण चक्र समजल्यावरही काही जोडपी वेगळी होतील, आणि आपण का तुटलो हे कळून वेगळे झालेले आई-बाप मुलाला घ्यायला-सोडायला एकमेकांच्या दारात येतील तेव्हा तिथे पुन्हा तेच भांडण सुरू होण्याची शक्यता बरीच कमी असेल.